तरणारा

"बाबांना तरी पोहता कुठं येत होतं," ताई म्हणाली आणि तिनं पुढच्या पुस्तिकेवर काना काढला. शनिवारी सकाळचे साडेदहा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर तीनशे पुस्तिकांचे सहा गठ्ठे, दोन काळे पेन आणि निवलेला चहा होता. समोर बसलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या हातातला पेन कागदाच्या थोडा वर थांबला. वाक्य तिनं सहज टाकलं होतं, बाबा चहात साखर घेत नसत असं म्हणावं तसं. तिनं शाई वाळावी म्हणून मुखपृष्ठावर फुंकर घातली, पुस्तिका डाव्या हाताला ठेवली, उजवीकडून नवी घेतली. तिचे काने जरा तिरके पडत होते. एरवी त्यानं तेवढ्यावरून तिला टोकलं असतं.

चूक त्याची होती. तो एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होता आणि चर्चच्या सणांच्या पुस्तिका हौसेनं तपासून देत असे. उद्याचा रविवार प्रभूच्या प्रकटीकरणाचा, जुनी माणसं ज्याला एपिफनी म्हणतात त्या सणाचा. मुखपृष्ठावर एकच ओळ हवी होती: तारणारा प्रकट झाला. छापून आलं: तरणारा प्रकट झाला. आतली आठ पानं त्यानं दोनदा वाचली होती, एकदा सरळ आणि एकदा ओळीच्या शेवटाकडून उलट, म्हणजे अर्थ मध्ये येत नाही आणि अक्षरं तेवढी दिसतात. मुखपृष्ठ मात्र त्यानं वाचलं नव्हतं, पाहिलं होतं. धंद्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं की बारीक टायपातली चूक सापडते आणि मोठ्या टायपातली निसटते, कारण तिथं डोळा थांबतच नाही. तरीही कचेरीत ज्याला सगळे 'कानामात्रा' म्हणतात त्याचाच काना जावा, हे त्याला सकाळी सातपासून सलत होतं. सातला पाळकसाहेबांचा फोन आला होता. "अहो, लोक विचारतील, हा कोण पोहणारा प्रकट झाला," असं म्हणून ते मनमोकळं हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. छापखाना सोमवारपर्यंत बंद होता. त आणि र यांच्यामध्ये बारीक पेनाचा एक काना मावेल एवढी जागा होती, म्हणून तो आणि ताई हातानं काने काढत बसले होते. बायको दवाखान्यात परिचारिका, तिची शनिवारची पाळी होती. आई खिडकीपाशी उन्हात बसली होती. तिचं ऐकायचं मशीन शिट्टी वाजवतं म्हणून ती ते पर्समध्ये ठेवत असे, आणि पर्स कपाटात.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तरणारा म्हणजे पोहणाराच ना? मग चूक काय त्यात? ज्याला स्वतःला तरता येत नाही तो दुसऱ्याला काय तारणार."

"ते नाही. बाबांचं काय म्हणालीस?"

ताईनं पेनाला टोपण लावलं. अठ्ठावन्न वर्षांची ताई, उंच, केस मागं घट्ट बांधलेले, उद्या उपासना संपली की मुलगी, जावई आणि तान्ह्या नातवाबरोबर गाडीनं विमानतळावर जायची होती, आणि तिथून विमानानं जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, कायमची. तिचं घर रिकामं झालं होतं, किल्ल्या दिल्या होत्या. पुन्हा येणं झालंच तर दोन-तीन वर्षांनी. आई आत्ताच त्र्याऐंशीची होती. याचा हिशोब घरात कुणी बोलून दाखवला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "काने काढ."

पण तो काने काढू शकला नाही. सत्तेचाळीस वर्षं त्याला एक गोष्ट पाठ होती. बाबा पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. पंपघराला लागून गाळ बसवायची टाकी होती, उघडी, सिमेंटची, शाळेच्या मैदानाएवढी. सुट्टीत दोघं बाबांचा डबा घेऊन जात, तो सहा वर्षांचा, ताई अकराची. टाकीच्या कठड्यावरून चालायला मनाई होती. तो पावलं मोजत चालला. चौसष्टावर घसरला. त्यानंतरचं हिरवं, थंड, ब्लीचिंग पावडरची चव असलेलं काहीतरी, आणि कानात पंपाची प्रचंड घरघर, जी सगळ्या अंगाला एका बाजूला ओढत होती. मग ती घरघर थांबली. एकदम शांत झालं, इतकं शांत की त्याला पुढं आयुष्यभर वाटत आलं, आपण तेव्हा क्षणभर मेलो होतो. मग केसांत एक हात. मग ऊन, ओकारी, आणि बाबांचा चेहरा. बाबांनी त्याला छातीशी धरून घरापर्यंत पळत नेलं होतं. ही गोष्ट त्यानं कितीदा सांगितली होती, आपल्या मुलींना, कचेरीत, आणि नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या दफनविधीत, सगळ्या मंडळीसमोर. "माझ्या वडिलांनी मला दोनदा जन्म दिला," असं तो तेव्हा म्हणाला होता. वाक्य त्यानं आधी लिहून, दोनदा तपासून घेतलं होतं. पहिल्या बाकावर ताई बसली होती. तो खाली आला तेव्हा तिनं त्याची वळलेली कॉलर नीट केली आणि म्हणाली, "छान बोललास, छोट्या."

बाबांच्या शर्टाची ऊब त्याला अजून आठवत होती. गोष्टीचा तो त्याचा सर्वांत आवडता भाग होता. आपण गारठलेलो, आणि गालाखाली बाबांचा उबदार शर्ट, त्याला मशीनच्या तेलाचा वास. प्रेमाचा पुरावा म्हणून तो हे सांगत असे. आत्ता, हातात उघडा पेन धरून, तो त्या वाक्यापाशी पहिल्यांदा थांबला. उबदार. म्हणजे कोरडा. ज्यानं नुकतीच टाकीत उडी मारली त्याचा शर्ट कोरडा. सत्तेचाळीस वर्षं हा शब्द मोठ्या टायपात समोर होता. पाणीपुरवठ्यात नोकरी करणाऱ्याला पोहता येतं का, असं कुणी विचारत नाही, जसं मुद्रितशोधकाला कुणी बाराखडी विचारत नाही. आईनंही विचारलं नसावं. बाबा कधी समुद्रात गुडघ्याच्या वर गेले नाहीत, तेव्हा सगळे म्हणत, त्या दिवसाची भीती बसलीय बिचाऱ्यांच्या मनात.

"तू काढलंस मला," तो म्हणाला.

ताईनं आईकडं पाहिलं. ऐकू येत नाही हे माहीत असूनही दोघं कुजबुजत होते, लहानपणी दिवा गेल्यावर कुजबुजत तसं.

"कुणीतरी काढायचंच होतं. तू काय आपणहून येणार होतास?"

"तुला पोहता कधी आलं?"

"त्याच टाकीत. त्या आधीच्या उन्हाळ्यात. दुपारी बाबा जेवून डुलकी घ्यायचे तेव्हा. बेडकांकडं बघून शिकले. हसू नकोस. पाय खरंच तसेच मारायचे असतात." ती स्वतःच हसली. "अख्ख्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात मी दोन महिने डुंबत होते. कळलं असतं तर बाबांची नोकरी त्याच दिवशी गेली असती. त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी मला पोहताना बघितलं ते तेवढंच एकदा."

"आणि ते?"

"ते ओरडले नाहीत. पहिलं काम त्यांनी पंप बंद केला. तू पाइपाच्या तोंडाकडं ओढला जात होतास, छोट्या. पंप चालू असता तर दोघंही गेलो असतो. तेही लागतंच. मग काठावर पालथे पडून हात पुढं केला. मी तुला ढकललं, त्यांनी वर घेतलं. मी अजून कठड्याखाली पाण्यातच होते, तेवढ्यात वॉचमन आला, दोघं-तिघं आले, म्हणाले, बापानं पोर वाचवलं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर, पोरगी पाण्यात उतरली कशी, हे निघालं असतं. संध्याकाळी पंपघराच्या मागं जाऊन फार रडले. मी पाहिलं. मला वाटलं, असू दे ते त्यांच्याकडं."

"आणि मला सांभाळलं नाहीस म्हणून तू मार खाल्लास."

"दोनच. आईचा हात काही जड नव्हता."

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि काने काढू लागली. म्हणजे ती शांतता मरणाची नव्हती, बाबांनी खटका पाडला होता. याचं त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मघापासून बाबा त्याच्या हातून निसटत होते, ते या एका खटक्यानं परत आले. आणि ताई. आईची एक ठरलेली म्हण होती, म्हण कसली, टोमणाच, घरातला सगळ्यात जुना: हिच्या हाती पोर दिलं की बुडालंच. त्याच्या मुली झाल्या तेव्हा ताईनं त्यांना मांडीवर घ्यावं आणि आईनं उठून त्या काढून घ्याव्यात, हसत, सगळ्यांसमोर. तोही हसत असे. ताईही. एकदा तर, मोठी मुलगी दोन महिन्यांची असताना, त्यानं स्वतःच म्हटलं होतं, "आण इकडं, तुझा रेकॉर्ड चांगला नाही." तपासायला परत मागता येत नाहीत अशी वाक्यं.

दुपारी ताई शेवटची आवराआवर करायला मुलीकडं गेली. तो एकटाच उरलेले काने काढत राहिला, आणि हात चालू असताना आतलं पान वाचत राहिला, जे त्यानं दोनदा तपासलं होतं. पाळकसाहेबांनी साधं लिहिलं होतं. या सणाला मंडळी पूर्वीपासून तीन गोष्टी एकत्र आठवत आली: परक्या देशातल्या ज्योतिष्यांना दिसलेला तारा, नदीतला बाप्तिस्मा, आणि लग्नघरी पाण्याचा झालेला द्राक्षारस. तिन्ही वेळा तारणारा आधीपासून तिथंच होता. तिन्ही वेळा तो कुणाला तरी दिसला, आणि दिसला तो ज्यांची कुणी गणती करत नव्हतं त्यांना: वाट विचारत आलेल्या परक्यांना, काठावरच्या गर्दीला, रांजण भरणाऱ्या नोकरांना. पुढं लिहिलं होतं, जो तारायला आला तो आधी सगळ्यांच्या रांगेत उभा राहून स्वतः पाण्यात उतरला. या वाक्यावर त्यानं आठवड्यापूर्वी फक्त 'उतरला'नंतरचा पूर्णविराम तपासला होता. आता तो त्यावर बराच वेळ बसला. पाण्यात उतरल्याशिवाय काढता येत नाही, एवढी साधी गोष्ट. काठावरून नुसता हात पुढं करणारा देव त्यानं आजवर मानला होता, कोरड्या शर्टाचा. त्याच्यावर त्याची श्रद्धा होती, त्याची भीतीही होती. पण आपल्या मागं पाण्यात उडी घेतलेला, नाकातोंडात तेच पाणी गेलेला, आणि वर आल्यावर ज्यानं चुकूनही नाव सांगितलं नाही, असा कुणी? हा त्याला माहीत नव्हता असं नाही. रोज तो त्याच्याशी प्रार्थना करत होता. ओळख झाली नव्हती.

आणखी एक परिच्छेद होता. ज्योतिषी राजधानीत येऊन, तारणारा कुठं जन्मला, असं विचारू लागले तेव्हा राजानं शास्त्र्यांना बोलावलं. शास्त्र्यांनी ग्रंथ उघडला आणि गावाचं नाव संदर्भासह अचूक सांगितलं. गाव दोन तासांच्या वाटेवर होतं. परके तिकडं चालू लागले. शास्त्री घरी गेले. त्याला ते शास्त्री डोळ्यांसमोर दिसले, त्याच्याच कचेरीतल्यासारखे, चष्मा कपाळावर, काम बिनचूक, आणि पाच वाजले म्हणून उठलेले. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. फक्त ते गेले नाहीत.

संध्याकाळी ताई परत आली तेव्हा त्यानं तिला जिन्यातच गाठलं. "आईला सांगायला हवं."

"कशाला?"

"उद्या तू जाणार."

"म्हणूनच म्हणते, कशाला. या वयात तिला अपराधी करून जाऊ? मी विमानात बसणार आणि ती इथं कुढत बसणार. वा रे वा."

"आणि तू? तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय. सवय आहे मला." मग जरा थांबून, "शिवाय तुला ओरडून सांगावं लागेल. मशीन कपाटात आहे." तिनं हसून त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि वर गेली. 'सवय आहे' हे ती अगदी सरळ आवाजात म्हणाली होती.

रविवारी चर्च भरलं होतं. लोकांच्या हातांत पुस्तिका होत्या आणि प्रत्येकीवर एक हातानं काढलेला काना. काही सरळ होते, काही तिरके. कुणी त्याकडं पाहिलं नाही. उपासना चालू असताना त्याला अनपेक्षितपणे जे वाटत होतं ते आनंदासारखं होतं, पण त्याहून जड. लग्न, दोन मुली, कचेरीतली एकतीस वर्षं, सकाळचा पहिला चहा, ताप उतरल्यानंतर लागणारी भूक, बायको पाळीवरून आल्यावर बूट काढतानाचा आवाज, हे सगळं चौसष्टाव्या पावलानंतरचं होतं. त्याबद्दल तो कृतज्ञ होताच, नेहमीच होता. पण इतकी वर्षं ती कृतज्ञता अर्धवट पत्त्यावर जात होती, आणि ज्या दारी जायला हवी होती तिथं दर वेळी टोमणा पोचत होता. एक काना राहिला म्हणून हे कळलं. त्यानं मान खाली घालून त्या चुकीबद्दल देवाचे आभार मानले. धंद्यातल्या माणसाला हे सोपं नव्हतं. मग त्यानं ताईबद्दल आभार मानले, शब्दांशिवाय, आणि त्याच्या लक्षात आलं की एवढ्यानं भागणार नाही. हे आभार अजून इथंच होते, त्याच्या आत, ग्रंथातल्या गावाच्या नावासारखे.

उपासनेनंतर आवारात चहा होता. आईला शाल पांघरून भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं, बायको तिच्या शेजारी उभी होती. जावयानं सामान गाडीत ठेवून झालं होतं आणि तो किल्ली बोटावर फिरवत होता. ताई आईसमोर उकिडवी बसली, तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावू लागली.

"पोचलीस की कळव," आई मोठ्यानं म्हणाली. ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तसं. "आणि नातवाला फार उचलू नकोस. त्याच्या आईकडंच राहू दे त्याला. तुझ्या हाती पोर दिलं की–"

आजूबाजूचे दोघं-तिघं ओळखीचं हसले. ताईही हसली. बटण लागत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मला पाण्यातून बाबांनी नाही काढलं."

"आं?"

ताईनं मान वर केली. "छोट्या, गप्प."

तो वाकला, आईच्या कानाशी तोंड नेलं, आणि तरीही त्याला आवाज चढवावा लागला. "मला पाण्यातून. बाबांनी नाही. ताईनं काढलं. ताईनं उडी मारली. बाबांना पोहता येत नव्हतं."

शेवटचं वाक्य सगळ्या आवाराला ऐकू गेलं. चहाच्या कपांचा आवाज थांबला. पाळकसाहेब दारात कुणाचा तरी हात हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्याला वाटलं, आई पुन्हा 'आं' म्हणेल आणि आपल्याला हे तिसऱ्यांदा म्हणावं लागेल, आणि त्याची तयारी होती. मोठी मुलगी दोन महिन्यांची असताना काय म्हणालो तेही तो सगळ्यांसमोर ओरडून सांगणार होता. पण आई त्याच्याकडं पाहतच नव्हती. ती समोर बसलेल्या ताईकडं पाहत होती, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की पाहतात तसं, मनापासून आणि जरा घाबरून.

"काहीतरीच काय बोलतो हा," ताई म्हणाली. "चल आई, निघते, उशीर होतोय."

"निळा फ्रॉक," आई म्हणाली.

तिनं हात पुढं करून ताईच्या बाहीची कड चाचपली.

"निळा फ्रॉक होता तुझा. मीच काढला अंगातून. बादलीवर धरून पिळला, केवढं पाणी निघालं. पिळता पिळता तुला मारलं." आईचा आवाज आता मोठा नव्हता. "पाणी कुठून आलं, विचारलं नाही."

"अगं आई, किती जुनं ते."

"विचारलं नाही मी."

जावयानं किल्ली खिशात टाकली आणि तो पायरीवर जाऊन बसला. आईनं शालीचं टोक हातात घेतलं. दुसऱ्या हातानं तिनं ताईचं डोकं जवळ ओढलं, मागची पिन काढून केस सोडले, आणि ती ते पुसू लागली, आधी कानामागं, मग मानेवर, मग मुळापासून खाली, एकेक बट शालीत धरून, दाबून. ताईचे केस निम्मे पांढरे होते.

"आई, कोरडे आहेत ते," ताई तिच्या कानाशी म्हणाली.

"असू देत," आई म्हणाली आणि पुसत राहिली.